देवरामचा आठवा भाव

सरका, आणखी थोडे जवळ सरका. दार ओढून घ्या, गोधडीचं जेवढं टोक वाट्याला येईल तेवढं पायावर घ्या, आणि हातात आल्याचा चहा असेल तर तो आधी संपवा, कारण गोष्ट सुरू झाली की तो सांडायची भीती आहे. सगळं गाव कुडकुडत असताना हरिनामाच्या मांडवात उभ्या उभ्या उकडून निघालेल्या एका माणसाची ही गोष्ट. हसायला मोकळीक आहे. फक्त शेवटी एक मागणं आहे, ते ऐकून मग उठा.

देवराम बोरस्ते हा तो माणूस. नाशकात गंगापूर रोडला त्याचं पंखे आणि कूलर विकायचं दुकान, आणि गंमत अशी की जगाला गारवा विकणाऱ्या या माणसाला स्वतःला गारवा म्हणून सोसत नव्हता. आकाशकंदील उतरले की तो पायमोजे चढवायचा, ते थेट होळीला काढायचा. सकाळी दूध घ्यायला दार उघडायचा तेव्हा डोक्यावर कानटोपी, गळ्याला मफलर आणि त्यावरून बायकोची, मीनाची शाल डोक्यापासून लपेटलेली. नवा दूधवाला दोन महिने त्याला मीनावहिनींची सासूच समजत होता. "आजी, पातेलं धरा," म्हणायचा, आणि देवराम बिचारा तोंड उघडलं तर थंडी आत शिरेल म्हणून दुरुस्तही करायचा नाही.

अशा माणसाच्या नशिबी देवानं कोणती सेवा लिहावी? तर उजाडतानाचा पहारा.

देवरामचं गाव निफाडच्या पुढं, द्राक्षबागांच्या ऐन मधोमध. तिथं दर पौषात हरिनाम सप्ताह बसतो. सप्ताह सुरू झाला की मांडवातली वीणा खाली टेकवायची नाही आणि तिची तार थांबू द्यायची नाही. रात्र असो, दिवस असो, कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभा असतो. एका हातानं वीणा सावरायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं तार छेडत राहायची, मुखानं नाम घ्यायचं. पहारा संपला की एकाच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. यातला काकड्यानंतरचा, तांबडं फुटतानाचा पहारा बोरस्त्यांच्या घराण्याचा. आधी आजोबांनी केला, मग दादांनी, म्हणजे देवरामच्या वडिलांनी. आणि निफाडची थंडी तांबडं फुटताना जशी चावते तशी मध्यरात्रीही चावत नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.

दादांची तर आख्यायिकाच झाली होती. गवतावर दव गोठायचं, बैलांच्या नाकातून इंजिनासारखी वाफ निघायची, आणि दादा बोरस्ते अंगात एक पांढरी सुती बंडी घालून, चेहऱ्यावर हसू ठेवून वीणा छेडत उभे. गावात अजून कुणी थंडीची तक्रार केली की म्हातारे म्हणतात, "दादा आठव. एका बंडीवर उभा राहायचा माणूस." देवरामनं हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला ते नुसतं आठवलं तरी हुडहुडी भरायची.

एका पौषात तो नायलॉनचं फुगीर जाकीट घालून पहाऱ्याला उभा राहिला. आता नायलॉन तो नायलॉन. वीणेचा पट्टा खांद्यावरून असा सटकला की वीणा जमिनीला टेकायला वीतभर उरली. शेजारी उभ्या असलेल्या नाथानं ती झेलली, म्हणून सप्ताह खंडला नाही. नाथा म्हणजे देवरामचा वर्गमित्र, आता मोठा बागाईतदार, आणि त्या पहाऱ्यावर त्याचा कित्येक वर्षांपासून डोळा. सप्ताहाचे मुख्य विणेकरी निवृत्तीबाबा. त्यांनी तिथल्या तिथं निवाडा दिला. इथून पुढं पहारेकऱ्याच्या अंगावर साधे सुती कपडे, दुसरं काही नाही. आणि देवरामकडं वळून म्हणाले, "यंदाचं पोटात घातलं. पुढल्या साली गडबड झाली तर पहारा नाथाकडं जाईल. तुझा बाप एका बंडीवर उभा राहायचा रे."

शेती चुलत्यांकडं गेलेली, घर भाड्यानं दिलेलं. गावात 'आपलं' म्हणावं असं देवरामकडं आता एवढंच उरलं होतं, ते दोन तासांचं उभं राहणं. ते गेलं की तो गावात पाहुणाच. त्या वर्षभरात पंखे विकता विकता त्याच्या मनात हाच एक विचार गरगरत राहिला.

पुढचा पौष जवळ आला तशी मीनानं तयारी सुरू केली. डिंकाचे लाडू झाले, मेथीचे झाले, लसणाचं तेल कढवून झालं. देवराम रोज सकाळी गॅलरीत नुसत्या बंडीवर उभं राहायचा सराव करू लागला. पहिल्या दिवशी त्याचे दात इतके वाजले की खालच्या मजल्यावरचे लोक कुणाकडे टाइल्स बसवताहेत ते बघायला वर आले. शेवटी ही सगळी हकिकत फोनवरून बंगळुरूला लेकीच्या, मनालीच्या कानावर गेली आणि चार दिवसांत घरी एक खोकं आलं.

खोक्यात एक बिनबाह्यांचं पातळ जाकीट होतं. त्याच्या अस्तरात तारा, खिशात बॅटरी, आणि छातीवर डाव्या बाजूला रुपयाएवढं एक बटण. मनालीनं व्हिडिओ कॉलवर समजावलं. बटण दाबून धरलं की जाकीट तापू लागतं, पुन्हा दाबून धरलं की बंद. नुसतं दाबलं तर रंग बदलतो. निळा म्हणजे मंद, पांढरा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कडक. लालच्या पुढं पुन्हा निळा.

"बाबा, लालवर जास्त वेळ ठेवू नका हं," मनाली म्हणाली. "ते काश्मीरबिश्मीरसाठी आहे."

"आणि शॉक बसला तर?" मीनानं विचारलं. तिला नवऱ्यापेक्षा वीणेची जास्त काळजी.

शॉक बसत नाही हे सिद्ध करायला देवरामनं ते दिवसभर घालून ठेवलं. वरून दादांसारखी पांढरी सुती बंडी चढवली तर आत काही आहे याची शंकाही येत नव्हती. निळ्यावर ठेवलं की पाठीवर कुणी मायेनं हात ठेवल्यासारखं वाटायचं. देवराम आरशासमोर उभा राहिला, गळ्यात वीणा असल्यासारखे हात केले आणि वर्षात पहिल्यांदा मनापासून हसला. कपडे सुतीच होते, निदान बाहेरून. आतलं देव बघतो, आणि देव काही निवृत्तीबाबांना सांगायला जाणार नाही, असा त्याचा हिशेब.

पहाऱ्याच्या दिवशी निफाडनं आपलं नाव राखलं. मांडवाच्या कापडावर दवाचे थेंब, आत धुकं शिरलेलं. त्यात बागांना पाणी द्यायला सगळ्यांनी एकदम मोटारी सुरू केल्या आणि लाईट गेली. मांडवात समईच्या उजेडाएवढाच काय तो उजेड. गावातले धडधाकट पुरुष एकूण एक बागेत. थंडी फारच उतरली की घडांचे मणी तडकतात, म्हणून ओळींमधून धूर करायला, शेकोट्या पेटवायला सगळे पळालेले. पुढचा पहारा नाथाचा, तोही बागेतच. मांडवात उरले म्हातारे, बायका आणि घोंगडीत गुंडाळलेलं चारदोन जणांचं भजन. मीना मागच्या बाजूला चुलीवर पारायणवाल्यांचा शिरा ढवळत होती. ऊब आणि शिरा एका जागी असताना ती पुढं येण्याचा प्रश्नच नव्हता.

देवरामनं अंधारात बंडीच्या आत हात घालून बटण दाबून धरलं, निळा उजेड लागलेला पाहिला, आणि पुढं होऊन वीणा गळ्यात घेतली. निवृत्तीबाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक पांढरी बंडी, एक धोतर, कपाळाला बुक्का.

"आज खरा दादाचा शोभतोस," ते म्हणाले आणि वाकून वीणेच्या पाया पडले. ते वाकले तसा त्यांच्या लांब गरम कोटाच्या आतून 'डुबुक' असा आवाज आला. देवरामला वाटलं, म्हातारपण, पोट बिघडलं असेल.

पहिला अर्धा तास नुसतं सुख होतं. जग गोठलंय, आणि आपण जणू एका कोमट ढगात उभे राहून रामकृष्णहरी म्हणतोय. तार गोड वाजत होती, आवाज गोड लागत होता. देवरामची आत्या अक्काबाई, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत आली आणि खांबाजवळची आपली नेहमीची जागा सोडून बरोबर देवरामच्या पाठीमागं, त्याच्या पायांना खेटून बसली. थोड्या वेळानं तिनं शेजारणीलाही सरकून घेतलं. देवरामचं ऊर भरून आलं. आत्याला भाच्याचं कौतुक वाटलं असणार.

गडबड झाली ती एका म्हाताऱ्या माळकऱ्यामुळं. त्याला अंधुक उजेडात, धुक्यात, देवरामच्या बंडीतून छातीशी काहीतरी निळसर उजळताना दिसलं. त्यानं डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग तो थरथरत उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "काळजात निळा उजेड दिसतोय रे याच्या. सावळा दिसतोय."

म्हणता म्हणता दहा डोकी देवरामसमोर जमली. देवरामला कळेना काय झालं. तो म्हातारा पुढं झाला, त्यानं पाया पडून देवरामला घट्ट उराभेट दिली. कुठंतरी टुक असं झालं. बटण दाबलं गेलं होतं.

उजेड पांढरा झाला.

"शुभ्र," कुणीतरी पुटपुटलं. मग दुसऱ्यानं उराभेट दिली आणि पांढऱ्याचा लाल झाला. तिसऱ्यानं दिली, लालचा निळा झाला. देवरामच्या जिवात जीव आला, पण चौथा आणि पाचवा जोडीनंच आले. वैष्णवांची भेट ती, अंगचोरपणे कुणी देत नाही. एकेक म्हातारा छाती आवळून भेटत होता, आणि देवराम मनातल्या मनात प्रत्येक भेटीबरोबर रंग मोजत होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं की भेटणाऱ्यांचा आकडा तीनच्या पाढ्यात बसतो की नाही यावर आपला जीव अवलंबून आहे, पण उकाड्यानं आकडेमोड चुकायला लागली होती. पाठीवरून घामाची पहिली धार निघाली.

आणि नेमका उजेड लाल असताना निवृत्तीबाबांनी हात वर केला.

"थांबा. आता कोनी शिवू नका त्याला. भाव लागतोय. मोडंल."

सगळे दोन पावलं मागं सरले. लाल उजेड तसाच राहिला.

निवृत्तीबाबांनी साठ वर्षं कीर्तनं ऐकलेली. अष्टसात्त्विक भाव म्हणजे काय, भक्ताच्या अंगी ते कसे एकेक करून उमटतात, हे त्यांना तोंडपाठ. पण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा योग काही आला नव्हता. ते देवरामच्या समोर मांडी घालून बसले, कोटाच्या आत पुन्हा डुबुक झालं, आणि त्यांनी एक बोट दुमडलं.

"घाम," ते हळूच म्हणाले. "असल्या थंडीत घाम. बघा रे."

देवरामच्या कपाळावरून, कानामागून, नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता. बुक्का विरघळून भुवईत उतरला. हात सोडवत नव्हते. एक हात सोडला तर वीणा जाते, दुसरा सोडला तर तार थांबते. त्यानं हनुवटी खाली नेऊन बटण गाठायचा प्रयत्न केला. मान पोचेना. लोकांना वाटलं, देवाला नमस्कार करतोय. मग त्यानं वीणेची दांडी छातीशी आवळून बटण दाबायला पाहिलं, पण दांडी बटणाला चुकवून दोन बोटं अलीकडंच टेकत होती. तो दांडी पुन्हा पुन्हा छातीवर दाबू लागला, तशा बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. वीणेला लेकरासारखी उराशी धरतोय, म्हणाल्या.

त्या झटापटीत त्याला कंप सुटला. निवृत्तीबाबांनी दुसरं बोट दुमडलं. घाम डोळ्यांत गेला, डोळे झोंबून पाणी आलं, तिसरं बोट गेलं. चेहरा लालबुंद झाला. "रंग पालटला," बाबा म्हणाले. घसा सुकून आवाज फाटला, तेही एक झालं. मध्येच मांडवाच्या फटीतून वाऱ्याची एक गार झुळूक त्याच्या ओल्या मानेवर आली आणि त्या सुखानं दोन्ही दंडांवर शहारे उभे राहिले. त्याचंही एक बोट गेलं. आता काही हालचाल केली की एक भाव वाढतो हे ध्यानात येऊन देवराम एकदम पुतळ्यासारखा स्तब्ध उभा राहिला.

"स्तंभ," निवृत्तीबाबांनी सातवं बोट दुमडलं. "सात झाले. सात."

आठवा भाव कोणता ते सगळ्यांना ठाऊक होतं. देवरामलाही ठाऊक होतं. आठव्या भावात भक्त भान हरपून खाली कोसळतो.

दोन म्हातारे उठले आणि त्यांनी अगदी प्रेमानं देवरामच्या मागं सतरंजी अंथरली. अक्काबाईला तेवढं सरकायला लागलं, ती पुटपुटत सरकली.

इतक्यात नाथा आला. अंगाला धुराचा वास, भुवयांवर राख, हात गारठून निळे. घड वाचले होते, पण पहाऱ्याला उशीर झाला म्हणून तो ओशाळला होता. देवरामला त्याला पाहून जे वाटलं ते आजवर फक्त परीक्षा संपल्याची घंटा ऐकून वाटलं होतं. त्यानं मान पुढं केली, वीणा काढून घे म्हणून. नाथानं हात पुढं केले.

निवृत्तीबाबांनी ते हात मधल्या मधे धरले.

"येडा हाईस का? सात भाव झालेत. आठवा तोंडावर हाय. मधी वीणा काढतो व्हय?"

नाथानं देवरामच्या छातीतला लाल उजेड पाहिला, त्या थंडीत गळणारा घाम पाहिला. हा आपला दहावीत भूगोलात नापास झालेला देव्या. त्यानं मांडवाबाहेर काढलेली चप्पल आणखी लांब नेऊन ठेवली आणि येऊन हात जोडले. "माफ कर देवा," तो म्हणाला. "तुझ्या पहाऱ्यावर डोळा ठेवला मी."

देवराम आता कात्रीत सापडला. गप्प राहावं तर आठवा भाव येणार, तो कोसळणार, त्याच्यासंगं वीणा जमिनीवर आदळणार, आणि आजोबांपासूनचा अखंड सप्ताह त्याच्या हातून खंडणार. बोलावं तर पहारा जाणार, आणि दादांचा पोरगा बॅटरीवर उभा होता ही कथा गावात पुढली पन्नास वर्षं चालणार. पण पन्नास वर्षं ही पुढची गोष्ट होती, आणि पाठ आत्ता भाजत होती.

तारेवरचं बोट थांबवता येत नाही, मुखातलं नाम थांबवता येत नाही. मग बोलायचं कसं? त्यानं नामाच्याच चालीत, फाटक्या आवाजात घातलं:

"रामकृष्णहरी, बटण बंद करा हो, बटण बंद करा."

आणि भजनाचा नियम असा की पुढच्यानं म्हटलं ते मागच्यांनी झेलायचं. झांजा वाजल्या, घोंगडीतून माना बाहेर आल्या आणि सगळा मांडव एका सुरात गर्जला, "बटण बंद करा हो, बटण बंद करा."

"आतलं बटण, आतलं बटण," देवराम कळवळून म्हणाला.

"आतलं बटण, आतलं बटण," मांडवानं म्हटलं. पखवाज्यानं ठेका वाढवला.

निवृत्तीबाबांचे डोळे वाहू लागले. ते नाथाच्या कानाशी लागून अर्थ सांगू लागले. बटण म्हणजे अहंकार. तो आत असतो. कोणी दाबलं की मी लाल होतो, कोणी दाबलं की मी निळा होतो. माणसानं ते आतलं बटणच बंद केलं पाहिजे. नाथा मान डोलवत होता. देवरामनं शेवटचा उपाय म्हणून "जाकीट काढा" असंही घातलं. बाबांनी त्याचाही अर्थ लावला: देह हे जाकीट.

देवरामचे गुडघे लवले. सतरंजीवाल्या म्हाताऱ्यांनी हात पसरले.

आणि मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

अक्काबाई उठली. ती भाच्याच्या समोर आली, लोक 'शिवू नको, शिवू नको' म्हणत असताना तिनं शांतपणे त्याच्या बंडीत हात घातला, शेतातलं तण उपटावं तशी खिशातली वायर उपटली आणि बॅटरी हातात धरून सगळ्यांना दाखवली. लाल उजेड विझला.

"पोराला उकडतंय," ती म्हणाली. "येवढं गात गात सांगतंय, तर तुमी टाळ वाजवताय."

झांजा थांबल्या. तार तेवढी चालू होती. नाथानं आधी भानावर येऊन पटकन वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली, तार तिथंच धरली, आणि देवराम सुटला. तो सतरंजीवरच बसला. मग कुणी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. मनालीनं पाठवलेलं जाकीट, छातीवरचं बटण, निळा, पांढरा, लाल, सगळं. शेवटी म्हणाला, "बाबा, मला थंडी सोसत नाही. मी दादांसारखा नाही. पहारा नाथाकडं द्या. त्यानं गेल्या सालीही वीणा वाचवली होती."

निवृत्तीबाबांनी दुमडलेली सात बोटं एकेक करून सरळ केली. त्यांचं मन मोडलं होतं. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "वाईट वाटतं रे. तुझा बाप एका बंडीवर..."

"वरून एकच दिसायची," अक्काबाई म्हणाली.

बाबा थांबले. "म्हंजी?"

अक्काबाई खांबाला टेकून निवांत बसली. तिला घाई नव्हती. दादा तिचा पाठचा भाऊ. लहानपणापासून असा थंडीला भ्यायचा की चुलीच्या राखेत मांजरासारखा झोपायचा. पहिल्यांदा पहारा अंगावर आला तेव्हा रडत तिच्याकडं आला होता. तिनं आईची जुनी लुगडी काढली, एकावर एक असे सात पदर घेतले, गोधडीला घालतात तसे टाके घातले आणि आतली बंडी शिवून दिली. वर घालायला साधी पांढरी. दर पौषाच्या आधी ती नवे पदर घालून द्यायची. दादांनी तिला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही.

"आत्या, मला तरी सांगायचंस," देवराम म्हणाला. "पन्नाशी आली माझी ऐकून ऐकून."

"तुज्या बापानं तुला नाय सांगितलं, अन् मी का सांगू? आन घातली व्हती त्यानं." मग तिच्या सुरकुतल्या तोंडावर हसू आलं. "पन आज तू मागं बसू दिलंस, लय बरं वाटलं. दर साली या मांडवात माजी पाठ गारठती. आज शेकली. म्हनलं, शेकू द्यावी घटकाभर, मग काढू वायर."

"म्हंजी तुला पहिल्यापासनं ठावं व्हतं?" निवृत्तीबाबांनी विचारलं.

"मानसाच्या काळजात देव असंल, पन त्याला वायर कशाला लागंल?"

नाथाला हसू आवरेना, पण गळ्यात वीणा. त्यानं ते नामात मिसळून टाकलं. निवृत्तीबाबा मात्र अजून हट्टाला पेटलेले. नियम तो नियम, ते म्हणाले, पहारेकऱ्याच्या अंगावर साधे सुती कपडे पाहिजेत, फसवाफसवी चालायची नाही, आणि देवराम स्वतःच पहारा सोडतो म्हणतो तर...

अक्काबाईनं काठीचं टोक उचलून अलगद त्यांच्या कोटाला लावलं.

डुबुक.

"ह्यात काय डुबकतंय ते सांगू का, निवृत्ती?" तिनं मायेनं विचारलं. "का तुजं तू काढतोस?"

मांडवभर सगळ्यांचे डोळे बाबांच्या कोटावर गेले. बाबांनी गरम पाण्याची रबरी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, इकडंतिकडं पाहिलं, आणि साठ वर्षांच्या अनुभवी आवाजात म्हणाले, "पहारा देवरामचाच. घराण्याचा मान हाय तो."

त्यावर पहिला टाळ कुणी वाजवला ते कळलं नाही. पण त्यानंतर मांडवात जे उघडं झालं ते पाहण्यासारखं होतं. पखवाज्याच्या बंडीखालून वर्तमानपत्राची घडी निघाली. निळा उजेड प्रथम पाहिलेल्या म्हाताऱ्यानं धोतराखालची नातवाची शाळेची पँट कबूल केली. मागच्या बाजूनं मीना शिऱ्याचं पातेलं घेऊन आली तर सगळा मांडव हसतोय, नवरा ओलाचिंब सतरंजीवर बसलाय, आणि ऐंशीच्या घरातली आत्याबाई त्याच्या जाकिटाला हात घालून म्हणतेय, "काढ ते. आता माजं."

तिनं ते लुगड्यावरून घातलंही. मला कोण पहारा देतंय, मग दिसला रंग तर दिसू दे, म्हणाली. मीनानं तिला बटण शिकवलं. आत्याबाई सप्ताहभर निळ्यावर बसली, आणि तिच्या पाठीला पाठ लावायला बायकांच्यात भांडणं लागली.

देवराम दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिला. त्याच दिवशी दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून आत्यानं त्याला बंडी शिवून दिली होती. सात पदरांची. वरचा पदर दादांच्या धोतराचा होता. त्या दिवशी त्याला ना घाम फुटला ना कंप सुटला. तो फक्त उभा राहिला, तार छेडत, चेहऱ्यावर हसू ठेवून. मांडवात बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यांनी कौतुकानं विचारलं, येवढ्या थंडीत हा माणूस एका बंडीवर कसा काय?

निवृत्तीबाबांनी पिशवी सावरली. "बापावर गेलाय," ते म्हणाले.

झाली गोष्ट. आता ते मागणं. अक्काबाई या पौषाला नाही. शेवटपर्यंत निळ्यावर होती म्हणतात. आज रात्री गोधडी गळ्यापर्यंत ओढाल, पाय हळूहळू कोमट होतील, तेव्हा डोळे मिटायच्या आधी गोधडीच्या टाक्यांवरून एकदा बोट फिरवा. तुमची कुणी शिवली असेल तिचं नाव घ्या. आणि नाव आठवलंच नाही, तर अक्काबाईची आठवण काढा. तिला चालेल.